इंधनाचे दर : भाववाढ की छुपा कर?

(नागपूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



महागाईविरुद्धचा लढा आपल्या चळवळीला नवा नाही. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी यांच्या पुढाकाराने मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली आणि हातात लाटणी घेतलेल्या स्त्रियांनी मंत्र्यांना जाब विचारला. १९७३ च्या अखेरीस अरब राष्ट्रांनी तेलाचा पुरवठा रोखला आणि जगभर तेलाचे भाव भडकले. त्या नोव्हेंबरात अटलबिहारी वाजपेयी पेट्रोल व रॉकेलच्या दरवाढीचा निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले होते. भाव शासन वाढवते, तेव्हा जाब शासनालाच विचारायचा, एवढे त्या काळी सर्वांना स्पष्ट होते.

आज तसे राहिलेले नाही. दर कोणी वाढवले असे विचारले तर केंद्र शासन तेल कंपन्यांकडे बोट दाखवते, कंपन्या जागतिक बाजाराकडे, राज्य केंद्राकडे आणि केंद्र पुन्हा राज्याकडे. या गोंधळात सामान्य माणूस निमूटपणे पैसे मोजतो व घरी जातो. कार्यकर्त्याला मात्र निमूट राहून चालणार नाही. दर कोण ठरवतो, त्यातला पैसा कोणाच्या तिजोरीत जातो आणि आपण नेमके काय मागावे, या तीन प्रश्नांची उत्तरे आज आपल्याला शोधायची आहेत.

नियंत्रणमुक्ती कोणाची?

१९७४ ते १९७६ या काळात एस्सो व बर्मा शेल या विदेशी कंपन्यांचा येथील कारभार शासनाने ताब्यात घेतला. पुढे पाव शतकाहून अधिक काळ इंधनाचे दर शासनच ठरवीत असे. एप्रिल २००२ मध्ये ही नियंत्रित दरांची व्यवस्था अधिकृतपणे मोडीत काढण्यात आली. जून २०१० मध्ये पेट्रोल व ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेल नियंत्रणमुक्त झाले. जून २०१७ पासून देशभर दर रोज बदलू लागले. या प्रत्येक टप्प्यावर जनतेला एकच आश्वासन देण्यात आले : जागतिक बाजारात भाव वाढले तर तुम्हाला जास्त द्यावे लागेल, उतरले तर कमी द्यावे लागेल.

या आश्वासनाचा पहिला भाग तंतोतंत पाळला गेला. दुसऱ्या भागाचे काय झाले ते पाहा. जून २०१४ मध्ये भारत विकत घेत असलेल्या कच्च्या तेलाचा सरासरी भाव पिंपामागे १०९ डॉलरच्या घरात होता. जानेवारी २०१६ मध्ये तो २८ डॉलरवर आला. म्हणजे तो चौथाईच्या जवळ पोचला. याच काळात, नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या पंधरा महिन्यांत, केंद्राने उत्पादनशुल्क नऊ वेळा वाढवले. पेट्रोलवरील शुल्क लिटरमागे ९ रुपये ४८ पैशांवरून २१ रुपये ४८ पैशांवर गेले आणि डिझेलवरील ३ रुपये ५६ पैशांवरून १७ रुपये ३३ पैशांवर. भाव उतरल्याचा लाभ ग्राहकाच्या दारापर्यंत येण्याआधीच शासनाने वाटेत उचलून घेतला.

२०२० साली याचीच पुनरावृत्ती झाली. टाळेबंदीमुळे जगातील कारखाने थंडावले आणि एप्रिलमध्ये कच्चे तेल वीस डॉलरच्या आसपास आले. मजुरांचे तांडे रणरणत्या उन्हात नागपूरवरून जाणाऱ्या महामार्गांनी पायी गावाकडे निघाले होते. त्याच दिवसांत, मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, केंद्राने पेट्रोलवर १० रुपये व डिझेलवर १३ रुपये शुल्क वाढवले. मार्चमध्ये वाढवलेले तीन रुपये निराळेच.

१६ जून २०२० रोजी दिल्लीत एक लिटर पेट्रोलची किंमत ७६ रुपये ७३ पैसे होती. तिची फोड अशी होती : वाहतुकीसह पेट्रोलची मूळ किंमत २२ रुपये ४४ पैसे, केंद्राचे उत्पादनशुल्क ३२ रुपये ९८ पैसे, पंपचालकाचे कमिशन ३ रुपये ६० पैसे आणि राज्याचा मूल्यवर्धित कर १७ रुपये ७१ पैसे. साडेबावीस रुपयांच्या वस्तूवर पन्नास रुपयांहून अधिक कर! कारखान्यातील वस्तूची विक्रीची किंमत उत्पादनखर्चाच्या दीडपटीहून अधिक असू नये, असे डॉ. राममनोहर लोहियांचे 'दाम बांधो'चे सूत्र होते. त्या सूत्राने हे पेट्रोल ३४ रुपयांच्या आतच विकले गेले असते. परदेशातून आणाव्या लागणाऱ्या वस्तूला हे सूत्र जसेच्या तसे लागू करता येणार नाही, हे मला मान्य आहे. परंतु खाजगी कारखानदाराने एवढा नफा उकळला असता तर आपण त्याला नफेखोर म्हटले असते. तेच शासनाने केले तर त्याला काय म्हणावे, हे तुम्हीच ठरवा.

नियंत्रण खरोखरच गेले आहे काय, हाही प्रश्न आहे. नोव्हेंबर २०२१ च्या आरंभापासून २२ मार्च २०२२ पर्यंत, १३७ दिवस, कंपन्यांनी दर बदलले नाहीत. या काळात कच्चे तेल भडकले होते, युक्रेनवर आक्रमण झाले होते. पण उत्तर प्रदेशासह पाच राज्यांच्या निवडणुका चालू होत्या. निकाल लागले आणि थोड्याच दिवसांत दररोज ऐंशी ऐंशी पैशांनी दर चढू लागले. रोज बदलणारा बाजार निवडणुकीच्या काळात नेमका कसा झोपी जातो, याचे उत्तर अर्थशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाही. थोडक्यात, दरांवरील नियंत्रण शासनाच्याच हाती राहिले. शासन मुक्त झाले ते जबाबदारीतून.

हा कर भरतो कोण?

आपल्याकडे एक समज मुद्दाम पसरवला जातो की, आयकर भरणारे मूठभर लोक देश चालवतात व बाकीचे फुकट खातात. या समजाला उत्तर देण्यासाठी फार दूर जायला नको. सीताबर्डीच्या चौकात पाठीवर चौकोनी पेटी बांधून दुचाकीवर उभा असलेला डिलिव्हरी कामगार पाहा. समजा त्याला दिवसाला दोन लिटर पेट्रोल लागते आणि तो महिन्यातील पंचवीस दिवस काम करतो. वर्षाचे सहाशे लिटर झाले. जुलै २०२२ मध्ये राज्याने कर कमी केल्यानंतरही महाराष्ट्रात केंद्र व राज्य मिळून लिटरमागे चाळीस रुपयांहून अधिक कर होता. म्हणजे हा मुलगा वर्षाकाठी निदान चोवीस हजार रुपये कर भरत होता. त्याला ना कायम नोकरी, ना भविष्यनिर्वाह निधी, ना अपघाताची पुरेशी भरपाई. कंपनी त्याला कामगार मानायलाही तयार नाही. शासन मात्र त्याच्याकडून न चुकता वसुली करते.

अप्रत्यक्ष कराचा हाच स्वभाव असतो. मोटारीचा धनी आणि हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत जुन्या दुचाकीवरून पाळीला जाणारा कामगार यांना लिटरमागे सारखाच कर पडतो. एकाला तो जाणवतही नाही. दुसऱ्याच्या घरी त्यामुळे दूध कमी येते. आणि ज्याच्याकडे वाहन नाही तोही यातून सुटत नाही. कळमना बाजारात येणारा भाजीपाला डिझेलवर येतो, काटोल-नरखेडची संत्री डिझेलवर बाहेर जातात, कोरडवाहू शेतकरी भाड्याच्या ट्रॅक्टरने नांगरट करतो ती डिझेलवर. संत्र्याचा भाव व्यापारी ठरवतो, म्हणून वाढलेले भाडे बागाईतदाराच्या पट्टीतून कापले जाते. भाजीचे वाढलेले भाडे शहरातील गिऱ्हाईक भरते. एकाच डिझेलने उत्पादक व ग्राहक असे दोघेही नाडले जातात.

या वसुलीचे आकारमान पाहा. केंद्राला पेट्रोलियम पदार्थांवरील उत्पादनशुल्कातून २०१४-१५ मध्ये सुमारे ९९ हजार कोटी रुपये मिळाले होते. २०२०-२१ मध्ये ही रक्कम सुमारे ३ लाख ७३ हजार कोटींवर गेली. ज्या वर्षी लोकांचे रोजगार गेले, त्याच वर्षी! तत्पूर्वी सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांवरील कराचा मूळ दर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणण्यात आला होता. त्यामुळे १ लाख ४५ हजार कोटींचे उत्पन्न सोडावे लागेल, असा शासनाचाच अंदाज होता. संपत्तीकर तर २०१५ च्या अर्थसंकल्पातच रद्द झाला होता. वरून सोडलेले खालून वसूल केले गेले, हे सांगायला पंडिताची गरज नाही.

आदल्या राजवटीने काढलेल्या तेलरोख्यांची परतफेड करावी लागते, असे यावर सांगितले गेले. ते रोखे सुमारे १ लाख ३० हजार कोटींचे होते व त्यांचे व्याज वर्षाला दहा हजार कोटींच्या आसपास. रोखे काढून आजचा भार उद्यावर ढकलण्याचे ते धोरण चुकीचेच होते. परंतु त्या रोख्यांची संपूर्ण मुद्दल एका वर्षाच्या वसुलीत फिटून दीडपटीहून अधिक पैसा शिल्लक राहिला असता.

राज्यांच्या वाट्याचाही येथे विचार केला पाहिजे. फेब्रुवारी २०२१ पासून पेट्रोलवर केंद्राचे शुल्क ३२ रुपये ९० पैसे होते. त्यांपैकी राज्यांशी वाटून घ्यावा लागणारा मूळ भाग केवळ १ रुपया ४० पैसे. उरलेले सारे उपकर आणि अधिभार, आणि ते वाटपात येत नाहीत. वित्त आयोगाच्या ४१ टक्क्यांच्या हिशेबाने सर्व राज्यांना मिळून लिटरमागे ५७ पैसे आले! मग राज्ये स्वतःचा कर वाढवतात. महाराष्ट्र शासनही त्यात मागे नाही. २०१५ च्या दुष्काळासाठी म्हणून राज्याने पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे दोन रुपयांचा भार टाकला. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला, पण भार उतरला नाही. पेट्रोल-डिझेल वस्तू व सेवा कराच्या कक्षेत आणण्याचा विषय सप्टेंबर २०२१ मध्ये लखनौच्या बैठकीत निघाला, तेव्हा केंद्र व राज्ये यांचे क्वचित दिसणारे एकमत झाले : नको!

गरिबाची एसटी आणि महाग डिझेल

इंधनधोरणाचा वर्गीय आशय पाहायचा असेल तर एसटीकडे पाहावे. १९४८ साली सुरू झालेली ही गाडी खेड्यातील विद्यार्थ्याची, बाजाराला निघालेल्या बाईची, दवाखान्यात जाणाऱ्या म्हाताऱ्याची गाडी आहे. एका बसमध्ये चाळीस-पन्नास माणसे बसतात. म्हणजे माणशी इंधन सर्वांत कमी लागते. देशाचे परकीय चलन वाचवायचे असेल तर शासनाने तिला सर्वांत स्वस्त डिझेल दिले पाहिजे.

प्रत्यक्षात काय घडले? जानेवारी २०१३ मध्ये केंद्राने घाऊक खरेदीदारांसाठी डिझेलचा निराळा, चढा दर लागू केला. एसटी महामंडळ घाऊक खरेदीदार ठरले. मोटारीचा मालक पंपावर ज्या दराने डिझेल भरत होता, त्याहून लिटरमागे सुमारे दहा रुपये जास्त एसटीने मोजावेत असा हा न्याय! तेव्हा स्वतःच्या आगारातील पंप सोडून एसटीच्या गाड्यांना रस्त्यावरच्या पंपांवर रांगेत उभे राहावे लागले. मार्च २०२२ मध्ये हाच प्रकार पुन्हा घडला. मुंबईत पंपावरचे डिझेल ९४ रुपयांच्या घरात असताना घाऊक दर १२२ रुपयांवर गेला.

याशिवाय एसटीच्या तिकिटावर वर्षानुवर्षे साडेसतरा टक्के प्रवासी कर घेतला गेला. डिझेलवर एकदा आणि तिकिटावर दुसऱ्यांदा, असा प्रवाशावर दुहेरी कर. परिणामी जून २०१८ मध्ये भाडे १८ टक्क्यांनी वाढले, ऑक्टोबर २०२१ मध्ये १७.१७ टक्क्यांनी आणि जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्क्यांनी. २०१८ च्या मेमध्ये ज्या प्रवासाला शंभर रुपये पडत होते, त्याला या तीन वाढींनंतर १५९ रुपये पडू लागले. प्रत्येक वेळी डिझेलचे कारण पुढे करण्यात आले. डिझेलमधला करच निम्म्यावर आणला असता तर वाढ किती टळली असती, हा हिशेब कोणी मांडला नाही.

मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट लागते, त्याआधी पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास मिळाला. या सवलतींचे आपण स्वागतच केले पाहिजे. पण त्यांची भरपाई शासनाने महामंडळाला वेळेवर द्यायची असते. ती थकली की पगार थकतात, गाड्या जुन्या होतात, फेऱ्या रद्द होतात. पगाराच्या आणि विलीनीकरणाच्या प्रश्नावर २०२१-२२ च्या हिवाळ्यात कर्मचाऱ्यांनी अनेक महिने संप केला. त्या काळात विदर्भातील खेड्यापाड्यांतल्या मुलींचे शिक्षण कसे अडले, हे येथे बसलेल्यांपैकी अनेकांनी पाहिले आहे. सवलतीचे तिकीट हाती आहे आणि गाडीच येत नाही, अशी सवलत काय कामाची?

नागपूरचा रिक्षाचालक

शहरातील रिक्षाचालकाला सांगण्यात आले की, पेट्रोल-डिझेल सोडा, सीएनजी घ्या. ते स्वस्त आहे, स्वच्छ आहे. मार्च २०२२ मध्ये नागपुरात या स्वस्त इंधनाचा दर किलोला १२० रुपये झाला. त्या वेळी देशातला तो सर्वांत चढा दर होता व शहरातील डिझेलपेक्षाही अधिक होता. मुंबईत तेच इंधन जवळपास निम्म्या दराने मिळत होते. कारण उघड आहे : मुंबईत वायूवाहिनी आहे, नागपुरात त्या वेळी ती पोचलेली नव्हती, टँकरने आणलेला वायू खाजगी विक्रेता विकत होता. त्या एप्रिलपासून राज्याने सीएनजीवरील कर साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला, पण ज्या शहरात मुळातच भाव दुप्पट होता तेथे त्याचा दिलासा अपुरा पडला. धोरण राजधानीसाठी आखायचे आणि विदर्भाने त्याची किंमत मोजायची, हा अनुभव आपल्याला परका नाही.

रॉकेल गेले, सिलिंडर परवडेना

आता स्वयंपाकघराकडे वळू. रॉकेल स्वस्त ठेवले की ते भेसळीसाठी पळवले जाते, हा आक्षेप खोटा नव्हता. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ तेलाची भेसळ पकडायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनावणे यांना भेसळखोरांनी जिवंत जाळले. ही घटना महाराष्ट्राने विसरू नये. परंतु तिच्यातून शासनाने कोणता धडा घेतला? चोराला आवरण्याऐवजी गरिबाचे रॉकेलच काढून घेण्याचा. जुलै २०१६ पासून रेशनच्या रॉकेलचा दर टप्प्याटप्प्याने वाढत गेला आणि २०२१-२२ च्या अर्थसंकल्पात त्याच्या अनुदानासाठी एक पैसाही ठेवला गेला नाही. ज्या घरी गॅसजोडणी आली, त्या घराचे रॉकेल राज्यात आधीच बंद झाले होते.

उज्ज्वला योजनेतून २०१६ नंतर गरीब घरांत शेगडी पोचली, याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. धुराने स्त्रियांची फुप्फुसे निकामी होतात, हे आपणच वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. पण शेगडी पेटायला सिलिंडर लागते. दिल्लीच्या दराने २०१४ च्या आरंभी अनुदानित सिलिंडर ४१४ रुपयांना होते, मार्च २०२३ मध्ये ते ११०३ रुपयांना झाले. मधल्या काळात, २०२० च्या मध्यापासून, बहुतेक ग्राहकांचे अनुदान गाजावाजा न करता थांबले. उज्ज्वलाच्या ग्राहकाला पुढे आधी दोनशे व नंतर तीनशे रुपयांचे अनुदान देण्यात आले, पण संपूर्ण रक्कम आधी हातात असेल तेव्हाच ते मिळते. २०२२-२३ मध्ये उज्ज्वलाच्या कुटुंबाचा सरासरी वापर वर्षाला चार सिलिंडरांहूनही कमी होता. उरलेले महिने चूलच पेटत होती. चंद्रपूर-गडचिरोलीकडे सरपणासाठी जंगलात गेलेली माणसे वाघाच्या हल्ल्यात मरतात. अशा मृत्यूची नोंद वनखात्याच्या दप्तरी होते. इंधनधोरणाच्या खात्यावर ती कोणी लिहीत नाही.

आपण काय मागावे?

येथे मी एक सावधगिरीची सूचना करू इच्छितो. 'पेट्रोल स्वस्त करा' एवढीच घोषणा आपल्याला पुरणारी नाही. आपला देश पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो. सरसकट दर उतरले तर सर्वांत मोठा लाभ सर्वांत अधिक जाळणाऱ्याला, म्हणजे मोठ्या मोटारीच्या मालकाला मिळतो. पंपावर श्रीमंताला एक दर व गरिबाला दुसरा असेही करता येत नाही. त्याचे पर्यवसान मनमाडमध्ये होते. म्हणून भेद करायचा तो अन्यत्र केला पाहिजे : सार्वजनिक वाहन स्वस्त, खाजगी चैनीचे वाहन खरेदीच्या वेळीच महाग, स्वयंपाकाचे इंधन गरिबाला परवडेल असे आणि त्यासाठी लागणारा पैसा संपत्तीवरील करातून.

या दृष्टीने आपल्या मागण्या अशा असाव्यात. एक : कच्च्या तेलाचा भाव उतरल्यास त्याचा ठरावीक हिस्सा ग्राहकाला देणे कायद्याने बंधनकारक करावे आणि इंधनावरील एकूण करावर मर्यादा घालावी. दोन : उपकर व अधिभार यांचे उत्पन्न राज्यांशी वाटून घ्यावे. तीन : एसटी व शहर बससेवेच्या डिझेलवरील कर माफ करावा, घाऊक दर पंपावरच्या दराहून अधिक असू नये आणि साध्या गाडीच्या तिकिटावरील प्रवासी कर रद्द करावा. चार : उज्ज्वलाच्या कुटुंबाला सिलिंडर घेतानाच कमी दरात मिळावे, आधी भरा, मग परत घ्या ही पद्धत बंद व्हावी. पाच : संपत्तीकर पुन्हा लागू करावा व कंपन्यांना दिलेल्या करसवलतीचा फेरविचार करावा.

हे सारे मोर्चाने एका दिवसात साधणार नाही. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचे एक अधिवेशन आपल्या शहरात भरत आले आहे. त्या वेळी शेकडो निवेदने दिली जातात आणि बहुतेक फायलींत झोपी जातात. आपले निवेदन तसे होऊ द्यायचे नसेल तर आधी माहिती गोळा करा. आपापल्या वस्तीतील पन्नास घरांत जा. वर्षाला किती सिलिंडर घेतले, अनुदान कधी आले, गावाकडे जाण्यास एसटीला किती पडते, कोणती फेरी बंद झाली, रिक्षाचे दिवसाचे इंधन वजा जाता घरी काय येते, हे वहीत लिहा. लोहियांनी १९६३ साली लोकसभेत तीन आण्यांचा हिशेब मांडला, तेव्हा सत्ताधाऱ्यांना उत्तर द्यावेच लागले होते. कारण त्यांच्या हाती आकडे होते आणि त्या आकड्यांमागे माणसे होती. नागपूरच्या वस्त्यांतून असा हिशेब उभा करणे हे आपले पुढच्या तीन महिन्यांचे काम आहे. ते येथून घरी जाताच सुरू करावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.